शेपूट न आलेली गाडी

छोट्या स्टेशनच्या भिंतीवर नोटीस लागली त्या सकाळी टाकीतलं पाणी खालच्या नळाला उतरेनासं झालं होतं. सांधेवालीनं ती नोटीस वाचली तीही दोन हातांत दोन रिकाम्या बादल्या धरून, विहिरीकडे जाता जाता. महिनाअखेरची संध्याकाळी पाचची गाडी ही या मार्गावरची शेवटची. त्यानंतर स्टेशन बंद. खाली आणखी एक परिच्छेद होता, तो तिनं दोनदा वाचला. सहा कर्मचाऱ्यांपैकी चौघांना मोठ्या स्टेशनवर सामावून घेण्यात येईल. यादी कामाची नोंद पाहून लावण्यात येईल.

मागून दिवेवाला येऊन उभा राहिला. खांद्यावर टॉवेल, बोटांच्या पेरांत कधीच न निघणारी काळी रेघ. सगळं स्टेशन त्याला काजळी म्हणायचं. ती मात्र भाऊजी म्हणायची, कारण तो तिच्या नवऱ्याचा मित्र होता आणि नवरा तापानं गेला तेव्हा चार दिवस दवाखान्याच्या पायरीवर तोच बसून होता.

"सहातले चार," तो म्हणाला. "म्हणजे दोघांनी गाठोडं बांधायचं."

"तुम्हाला कसली काळजी, भाऊजी? वीस वर्षं झाली तुम्हाला."

"वीस झाली, पण कच्ची. कच्ची वीट वीस वर्षं उन्हात ठेवली म्हणून पक्की होते का? भट्टीत घालणारा कोणी पाहिजे." तो हसला. "तुमचं बरंय, वहिनी. तुम्ही पक्क्या. फार तर लांबच्या स्टेशनवर टाकतील."

तिनं बादल्या उचलल्या. लांबचं स्टेशन म्हणजे आठ तासांचा प्रवास, एक खोली, आणि घरात एकटा सासरा. दुपारी गॅस बंद केला की नाही हे ज्याला आठवत नव्हतं असा माणूस ती कोणाच्या भरवशावर ठेवणार होती? आणि बरोबर नेला असता तर रोज संध्याकाळी तो अनोळखी फलाटावर जाऊन उभा राहिला असता.

या शहराला स्टेशनं दोन. मोठं गावाबाहेर, मुख्य मार्गावर. तिथं जिने, थंड पाण्याची यंत्रं आणि गाड्यांची नावं सरकवणारे फलक होते. छोटं गावाच्या पोटात, एका फाट्याच्या टोकाला. त्याच्यापुढे रूळच नव्हते, मातीचा ढीग आणि आडवा ओंडका होता. लोक एकाला मोठं म्हणत आणि दुसऱ्याला आपलं. "आपल्यावरून जायचं की मोठ्यावरून?" असं एकमेकांना विचारत आणि जात मोठ्यावरून. मास्तर म्हणायचे, "माया आपल्यावर, तिकीट तिकडचं."

खरं तर छोटंच थोरलं. धान्य आणि लाकूड न्यायला ते बांधलं, तेव्हा मोठ्याच्या जागी काटेरी झुडपं होती. सासरा सांगायचा, इथं पार्सलचा काटा होता, भुश्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या उतरायच्या, बायकांच्या खोलीत बाळंतिणीला गरम पाण्याची बादली मिळायची. पहाटेच्या गाडीनं वर्तमानपत्रांचे गठ्ठे यायचे. फलाटावरच्या घड्याळावरून शहर आपली घड्याळं लावायचं. मग मोठं झालं आणि एकेक गोष्ट उठून तिकडे गेली. आधी बर्फ, मग वर्तमानपत्रं, मग पार्सल. काटा गेला तेव्हा त्याच्यामागून हमाल गेले. बायकांच्या खोलीत तुटक्या खुर्च्या भरल्या. उरल्या दोन गाड्या, सकाळची एक आणि संध्याकाळची एक, आणि सहा माणसं.

नवऱ्याच्या जागी ती लागली तेव्हा सांध्याचा, गाडीचे रूळ बदलायचा, लोखंडी दांडा तिला जागचा हलेना. पहिल्याच दिवशी तळहात सोलले. मास्तर खिडकीतून बघत होते, पोर्टर हसत होता. सासरा क्वार्टरमधून काठी टेकत आला. म्हणाला, "हातानं नाही, पोरी. कमरेनं ओढ. दांडा आपल्या अंगाचाच आहे असं समज आणि मागे बस." ती मागे बसली, दांडा आला, दूरवर रूळ खटकन सरकला. त्या आवाजाचं तिला आजही बरं वाटायचं. सात वर्षांत उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. ब्लाउज शिवणारीनं पहिल्यांदा ते दाखवलं.

दांड्यानंतर तो तिला गोळ्याचं काम शिकवायला बसला. मार्ग एकेरी. आपल्या आणि आधीच्या स्टेशनच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी म्हणून दोन्हीकडच्या मास्तरांच्या खोलीत एकेक लोखंडी पेटी असते. पेटीत लोखंडी गोळे, संत्र्याएवढे. एक गोळा बाहेर पडला की दोन्ही पेट्यांना कुलूप बसतं. तो कुठल्या तरी पेटीत परत पडेपर्यंत दुसरा निघत नाही. गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, कडं ड्रायव्हरच्या हातात. ज्याच्या हाती गोळा त्याचा रस्ता.

"गाडी आली की कडं झेलायचं," सासरा म्हणाला. "मग काय करायचं?"

"मास्तरांना द्यायचं."

"चुकलीस. मग शेपूट बघायचं."

शेपूट म्हणजे शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा. तो दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, मागे डबा सुटला नाही. शेपूट दिसलं तरच गोळा मास्तरांच्या हाती द्यायचा. मास्तर तो पेटीत सोडणार आणि आधीच्या स्टेशनला घंटीचे चार ठोके देणार. चार ठोके म्हणजे गाडी पोचली, रस्ता मोकळा.

"आणि नाही दिसलं तर?"

"तर गाडी आलीच नाही. समोर इंजिन उभं असलं, माणसं उतरत असली, तरी आली नाही."

हे सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. खूप दिवसांनी, तिला दोन पावसाळे झाल्यावर, त्यानं बाकीचं सांगितलं. तरुणपणी एका धुक्याच्या सकाळी त्यानं कडं झेललं. मास्तरांनी विचारलं, शेपूट दिसलं? थंडीनं बोटं वाकत नव्हती, आत शेगडी पेटलेली होती. तो म्हणाला, दिसलं. मालाच्या तीन वाघिणी, म्हणजे डबे, मागे चढावर सुटून राहिल्या होत्या. पुढच्या तासात त्या रस्त्यावर एक सुटं इंजिन सोडलं. फायरमनचा पाय गुडघ्यापासून गेला. चौकशीत सगळं धुक्याच्या माथी मारलं, कारण धुकं उलट बोलत नाही. फायरमन पुढे कितीतरी वर्षं कुबडी घेऊन याच खिडकीवर पेन्शनच्या कामाला यायचा.

"मला राम राम करायचा," सासरा म्हणाला. "त्याला माहीत नव्हतं. मी दिसलं म्हणालो होतो, पोरी. दिसलं नव्हतं."

*

शेवटच्या दिवशी म्हाताऱ्यानं सकाळीच दाढी केली. ट्रंकेतला जुना कोट काढला. पितळी बटणांपैकी दोन नव्हती, तिथं त्यानं सेफ्टी पिना लावल्या. जेवताना म्हणाला, "आज कडं मी घेतो."

"मामा, ते नियमात बसत नाही."

"नियमात आता मी तरी कुठं बसतो? खाटेवर बसतो." तो हसला, दातांच्या फटीतून वारा गेला. मग हसू गेलं. "एकदाच, पोरी. चौतीस वर्षं झेललंय. शेवटचं कोणी झेललं म्हणून विचारलं तर..."

कोणी विचारणार नव्हतं. पण तिनं मान हलवली.

चार वाजल्यापासून फलाट भरू लागला. दहा वर्षांत ज्यांनी इथलं तिकीट काढलं नव्हतं ते सगळे आले. कोणी घड्याळाखाली उभं राहून फोटो काढत होतं, कोणी सांध्याच्या दांड्याला हात लावून "हे कशासाठी असतं हो?" विचारत होतं. एका बाईनं तिलाच विचारलं, "ही गाडी जाते कुठं?" मास्तरांच्या खोलीत दोन साहेब आणि एक नगरसेवक चहा पीत होते. ऊन असं होतं की रुळांवरची हवा थरथरत होती. आणि लोक रुळांवरच उतरले होते, त्यामुळे गाडी बाहेरच्या सिग्नलपाशी वीस मिनिटं थांबवून ठेवली. दिवेवाला त्या सिग्नलचा दिवा उतरवायला आधीच तिकडे गेला होता.

शेवटी शिट्ट्या फुंकून लोकांना वर घेतलं आणि गाडी आली. दारांना माणसं लोंबकळत होती. म्हातारा फलाटाच्या टोकाला त्याच्या जुन्या दगडावर उभा राहिला, डावा पाय पुढे, उजवा हात आडवा. जेवताना घास धरताना कापणारा तो हात लाकडासारखा स्थिर होता. ड्रायव्हरनं कडं टाकलं, ते खांद्यापर्यंत सरकत येऊन बसलं. तो एक पाऊल मागे गेला. ते पाऊलही हिशेबातलं होतं.

तिला तिथं थांबता आलं नाही. इंजिन दुसऱ्या बाजूला आणायचं होतं, ती दांड्यांकडे धावली. दांडा ओढता ओढता तिनं वळून पाहिलं. म्हातारा अजून शेवटच्या डब्याकडे बघत उभा होता. गर्दी त्याच्या दोन्ही अंगांनी वाहत होती. मग तो सावकाश मास्तरांच्या खोलीकडे गेला, कडं खांद्यावर. तिला हायसं वाटलं.

थोड्या वेळानं कुंपणाच्या कडेकडेनं दिवेवाला आला. एका हातात सिग्नलचा दिवा, दुसऱ्या काखेत टॉवेलाखाली काहीतरी गोल.

"काय लपवलंत, भाऊजी?"

"ताकाला आलोय," तो म्हणाला, "म्हणून भांडं लपवतोय." आणि हसत दिव्याच्या खोलीत गेला.

सहा वाजता लोक पांगले. रिकामी गाडी परत न्यायची होती. मास्तर गोळा काढायला पेटीपाशी गेले, मूठ फिरवली, पेटी उघडेना. पुन्हा फिरवली. मग त्यांनी खुंटीवरचं कडं उतरवून पिशवी चाचपली. पिशवी सपाट होती.

टेबलांखाली शोधलं, कपाटामागे शोधलं, चहाच्या किटलीत पाहिलं. साहेबांनी खिसे उलटे केले, हसत हसत, पण केले. गोळा मिळाला नाही. गाडी शेवटी कागदावर सोडावी लागली. मास्तरांनी चिठ्ठी लिहिली, ड्रायव्हरनं ती तीनदा वाचली आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, वळणावळणाला शिट्टी देत तो गेला. छोट्या स्टेशनवरून सुटलेली शेवटची गाडी ती अशी.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. त्यांना निवृत्तीला पाच महिने होते.

ती घरी आली तेव्हा म्हातारा कोट घालूनच जेवायला बसला होता.

"मामा, गोळा कुठंय?"

"कुठला?"

"कडं झेललंत ना तुम्ही? त्यातला गोळा. कोणाला दिलात?"

तो घास चावत राहिला. "गाडी आली नाही अजून," म्हणाला.

"आली की, मामा. तुम्हीच होतात ना तिथं?"

"शेपूट कुठं आलं?"

तिनं हात कपाळावर मारला. कधी कधी तो मेलेल्या मुलाला हाक मारायचा, तसंच हे. तिनं कोटाचे खिसे पाहिले, ट्रंक रिकामी केली, गादी उलटली, धान्याच्या डब्यांत कोपरापर्यंत हात घातला. काही नव्हतं. मग तिला वाटलं, नसेलच त्याच्याकडे. खोलीत गेला तेव्हा कडं भरलेलं होतं, पुढचं तिला काय माहीत? असं वाटणं सोयीचं होतं आणि ती फार दमली होती.

*

चौकशीचे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आले. बारीक टोकाचं पेन, आणि बोलण्यात राग नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कडं कोणी घेतलं?"

बाहेरच्या माणसाला कडं घेऊ दिलं म्हणजे काय होतं ते तिला पाठ होतं. नोंदीत लाल शेरा. लाल शेरा म्हणजे यादीत नाव नाही.

"मी."

"शेवटचा दिवा पाहिला?"

"पाहिला."

"दिसला?"

"दिसला."

हे म्हणताना तिला क्षणभर दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज ऐकू आला. साहेबांचं पेन पुढे गेलं होतं.

"गोळा कोणाच्या हातात दिला?"

"खोलीत गर्दी होती. मास्तर बोलत होते. कडं खुंटीला अडकवलं."

"त्यानंतर कोणाच्या हातात काही पाहिलं? लपवून नेताना?"

खिडकीबाहेर कावळा टाकीच्या कोरड्या नळाला चोच मारत होता. साहेब थांबले. त्यांना घाई नव्हती.

"दिवेवाल्याच्या टॉवेलाखाली काहीतरी होतं," ती म्हणाली.

"केवढं?"

"गोल होतं."

हे खरं होतं. तिनं नंतर पुष्कळदा हिशेब केला. जबाबातली बरीचशी वाक्यं खरी होती, खोटी थोडीच. पण खऱ्यातलं हे शेवटचं वाक्य उरलेल्या सगळ्यांपेक्षा जड होतं.

दिवेवाल्याला आत बोलावलं तेव्हा ती व्हरांड्यात बसली होती. दार लोटलेलं होतं, आवाज येत होते.

"टॉवेलाखाली काय होतं?"

"माझं होतं."

"तुझं म्हणजे काय?"

"माझं म्हणजे माझं."

"सरकारी वस्तू?"

तो बोलला नाही.

"गोळा होता का?"

"गोळा घेऊन काय करू साहेब, कांडू?"

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण तिला बघून तो हसला. "वहिनी, पाणी आहे का घरात? घसा सुकला." तिनं त्याला विहिरीचं पाणी दिलं. तो तांब्या उंच धरून प्यायला, आणि तांब्या परत करताना म्हणाला, "कोणीतरी सांगितलंय त्यांना. पोर्टर असेल. त्याला माझी जागा डोळ्यात खुपते."

तिनं तांब्या विसळून पालथा घातला.

*

पाचव्या दिवशी विहिरीचं पाणी गढूळ येऊ लागलं. घरातलं पिंप तळाशी आलं होतं, गाळ काढायचा म्हणून तिनं ते आडवं केलं. आत काहीतरी घरंगळलं आणि पत्र्यावर घणघणलं.

गोळा तांबूस झाला होता. पाच दिवसांत पाण्यानं त्यावर गंजाची साय धरली होती. अंगठ्यानं पुसल्यावर खालचा क्रमांक दिसला, आणि दोन्ही स्टेशनांची आद्याक्षरं. ती ओल्या जमिनीवर तशीच बसली. खाटेवर म्हातारा दुपारची झोप घेत होता, तोंड उघडं, एक हात छातीवर. त्याला उठवून काय विचारायचं होतं? त्यानं तिला पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या सकाळी तिनं गोळा फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला आणि स्टेशनवर गेली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली. म्हातारा माणूस आहे साहेब, त्याला कळत नाही. मीच घेऊ दिलं. चूक माझी. तिसरं वाक्य जड जात होतं, ते तिनं चालता चालता पुन्हा पुन्हा म्हणून मऊ केलं.

नोटीसच्या फळ्यापाशी माणसं होती. पोर्टर ओरडला, "चौथं नाव तुमचं! चहा पाजा!"

तिनं यादी पाहिली. चार नावं. तिचं शेवटचं. दिवेवाला फळ्यासमोर उभा होता. बोट पहिल्या नावावरून खाली नेत होता, चौथ्यावर थांबत होता, पुन्हा वर जात होता. पाचवं नाव सापडेल म्हणून की काय. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फळ्याची काच पुसली. वरपासून खालपर्यंत, कोपरे धरून, वीस वर्षं दिव्यांच्या काचा पुसल्या तशी. पुसून झाल्यावर तो गेला.

मास्तर खिडकीतून म्हणाले, "सुटलीस बाई. सुंठेवाचून खोकला गेला. काजळीच्या नोंदीत संशयाचा शेरा गेला ना, म्हणून तुझा नंबर वर आला. नाहीतर कच्चा असून त्याचीच नोंद सगळ्यांत स्वच्छ होती."

पिशवीचा बंद तिच्या बोटांत रुतला होता.

"मास्तर..."

"बोल."

मास्तर वाट बघत होते. दमलेला, पाच महिने उरलेला माणूस. तिच्या मागे पोर्टर चहाचा पेला घेऊन उभा होता.

"टाकीत पाणी कधी सोडणार?"

"आता कशाला पाणी? स्टेशन बंद झालं."

ती घरी परत आली. गोळा कुठं ठेवावा तिला सुचेना. ट्रंक नको, डबे नकोत. शेवटी जिथून काढला तिथंच, पिंपात सोडला आणि वर चार बादल्या पाणी ओतलं.

*

क्वार्टर सोडायला पंधरा दिवस दिले होते. ती मोठ्या स्टेशनवर रुजू झाली. तिथं कडं नव्हतं, गोळा नव्हता, दांडाही नव्हता. सांधे वरच्या खोलीत बटणं दाबून फिरत. तिला हिरवा झेंडा, लाल झेंडा आणि शिट्टी दिली. दिवसाला ऐंशी गाड्या जात आणि एकाही गाडीचं तिच्यावाचून अडत नव्हतं.

सामान बांधायच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमाराला, दारात दिवेवाला उभा होता. काखेत टॉवेलाखाली तेच गोल काहीतरी.

"या ना, भाऊजी," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"मामा आहेत ना? त्यांच्याकडेच आलोय." तो खाटेजवळ खाली बसला. आधीपेक्षा वाळला होता. पेरांतली काळी रेघ तेवढी तशीच होती. "उद्या तुम्ही जाणार. म्हटलं, देऊन टाकावं. आता यासाठी कोणी मला काही करू शकत नाही. नोकरीच नाही तर शेरा कुठं मारतील?"

त्यानं टॉवेल बाजूला केला. लाल काचेचा दिवा होता. शेवटच्या डब्यामागचा.

"त्या दिवशी गाडी बाहेर खोळंबली होती ना, तेव्हाच उतरवला मी. वीस वर्षं मीच पुसला, मीच पेटवला. भंगारात जाणार होता. म्हटलं, मामांना देऊ. साहेब विचारत होते तेव्हा जिभेवर आलं होतं. पण सरकारी दिवा चोरला म्हटलं असतं तर यादीतून नाव गेलं असतं." तो हसला. "म्हणून गप्प बसलो. गप्प बसूनही गेलंच."

तिच्या हातात चहाची कपबशी होती. ती तिनं त्याच्यापुढे ठेवली. बशीत चहा सांडला.

त्यानं काडी ओढली, वात पेटवली, काच बसवली. दुपारच्या उजेडात लाल ठिपका लहानसा दिसत होता. म्हातारा उठून बसला. त्यानं दिव्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, वाकून पाहिलं.

"आलं," तो म्हणाला.

"काय, मामा?"

"शेपूट आलं. गाडी पोचली." तो खाटेवरून उतरला. त्याच्या हालचालीत घाई होती, कामाची घाई. "किती उशीर! मास्तर खोळंबले असतील."

"मामा, बसा," ती म्हणाली. "मामा..."

तो पिंपापाशी गेला होता. त्यानं सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली, हात पाण्यात घातला, गाल पिंपाच्या काठाला टेकेपर्यंत वाकला आणि गोळा वर काढला. कोपरावरून पाणी गळत होतं. त्यानं तो तिच्या हातात दिला.

"जा, मास्तरांना दे. मी शेपटाशिवाय दिला नाही. ठोके द्यायला सांग."

दिव्याची वात जराशी फुरफुरली. दिवेवाला गोळ्याकडे बघत होता. मग तो पिंपाकडे बघू लागला, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. काहीतरी एकेक करून जागेवर बसत गेलं, सांधा सरकावा तसं.

"कडं मामांनी घेतलं होतं," तो हळू म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"हो."

"टॉवेलाचं तुम्ही सांगितलंत."

"हो." मग ती भरभर म्हणाली, "मी उद्या जाते, भाऊजी. साहेबांना सांगते. गोळा देते."

"कुठं देता आता?" तो म्हणाला. "पेटी परवाच ट्रकात चढली. मीच उचलू लागलो, रोजावर. चार माणसं लागली. जड असते हो."

म्हातारा दारात उभा राहून स्टेशनकडे कान लावत होता. "घंटी नाही वाजली अजून," तो म्हणाला. "गोळा दिला ना? मग घंटी का नाही?" त्याचा चेहरा कावराबावरा होऊ लागला. "मागे काही राहिलं का? पोरी, चढावर काही राहिलं का?"

दिवेवाल्यानं बशीतला चमचा उचलला. दिव्याच्या पितळी टोपणावर त्यानं एक ठोका दिला. थांबला. दुसरा. थांबला. तिसरा. चौथा. मास्तर देत तसेच, मधलं अंतर मोजून.

"वाजली, मामा," तो म्हणाला. "रस्ता मोकळा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. तो खाटेवर येऊन आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

दिवेवाला उठला. चहाला त्यानं हात लावला नव्हता. टॉवेल झटकून त्यानं खांद्यावर टाकला. दिवा तसाच जळत ठेवला.

"येतो, मामा," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत 'येतो, वहिनी' म्हटल्याशिवाय तो त्या उंबऱ्यावरून कधी उतरला नव्हता. ती दारापर्यंत गेली. तो रुळांच्या मधून, आता गाडी येणार नव्हती त्या रस्त्यानं, मागे न बघता चालत होता. गोळ्यावरचं पाणी तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. पिंप चार पावलांवर होतं, झाकण उघडं. ती तिथपर्यंत गेली, हात पाण्यावर धरला. मूठ काही केल्या उघडेना.